घर आणि बागेतलं पाणी वाचवताना क्रम चुकू नये म्हणून

पाणी वाचवायचं ठरलं की बहुतेक जण आधी काहीतरी विकत आणतात. कुणी बागेसाठी ठिबकचा संच आणतं, कुणी पावसाचं पाणी साठवायला टाकी, कुणी सगळ्या नळांना एरेटर (धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणारी तोंडाची जाळी) बसवतं. दोन महिन्यांनी मीटर पाहावं तर आकडा जवळपास होता तिथेच. आणलेल्या वस्तू वाईट नसतात, त्या वेळेआधी आलेल्या असतात. फ्लशची टाकी रात्रंदिवस झिरपत असेल तर एरेटरने वाचवलेलं पाणी तिथून निघून जातं. माती पाणी धरत नसेल तर ठिबकने दिलेलं पाणीही मुळांना चुकवून खाली उतरतं.

म्हणून इथे सगळा भर क्रमावर आहे: आधी मोजणी, मग गळती, मग नळाची धार, मग वापरलेल्या पाण्याचा दुसरा वापर, मग माती, मग पाणी देण्याची पद्धत आणि सगळ्यात शेवटी साठवण. पुढचा टप्पा मागच्यावर उभा असतो. गरज किती हे कळल्याशिवाय टाकी केवढी घ्यायची ते ठरत नाही, आणि मातीचा स्वभाव कळल्याशिवाय ठिबक किती वेळ चालवायचं ते ठरत नाही. टप्प्याच्या शेवटी तपासणी दिली आहे तिथे ती जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

## तयारी: हाताशी काय हवं

एक बादली, एक लिटरचं मापाचं भांडं, सेकंद दाखवणारं घड्याळ, न पुसला जाणारा मार्कर, वही, खाण्याचा रंग, पान्हा, टेफ्लॉन टेप, वेगवेगळ्या मापांचे वायसर, खुरपं आणि फूटभर लांबीची लोखंडी सळई. एवढ्यात पहिले पाच टप्पे पार पडतात.

बादलीवर लिहिलेल्या मापावर जाऊ नका, ते काठोकाठचं असतं. मापाच्या भांड्याने बरोबर १० लिटर ओता आणि पातळीवर आतून रेघ मारा.

घराला पाणी देणारा मुख्य व्हॉल्व कुठे आहे तो शोधा आणि एकदा बंद करून उघडून बघा. वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व अडकतो. अशा वेळी पान्ह्याने जोर लावू नका, दांडा तुटला तर घर पाण्यात जाईल. प्लंबरकडून तो मोकळा करून किंवा बदलून घ्या, मगच नळ खोलायच्या कामाला हात घाला.

## टप्पा १: एक आठवडा फक्त मोजा

मीटर असेल तर सात दिवस रोज एकाच वेळी आकडा लिहा. मीटरवरचे काळे आकडे सहसा घनमीटर दाखवतात, म्हणजे एक अंक सरकला की १,००० लिटर गेले. लाल आकडे त्याचे अंश असतात. मीटर नसेल तर टाकी दिवसातून किती भरली आणि प्रत्येक वेळी पातळी किती चढली ते टिपा. उभ्या गोल टाकीचा आतला व्यास १ मीटर असेल तर पातळीतला १ सेंटिमीटर म्हणजे जवळपास ८ लिटर.

त्याच आठवड्यात प्रत्येक नळ, शॉवर आणि बागेच्या पाइपची धार मोजा. नळ रोज उघडता तेवढाच उघडा, १० लिटरच्या रेघेपर्यंत किती सेकंद लागतात ते बघा आणि ६०० ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर मिनिटाला किती लिटर ते येतं. बादली ५० सेकंदांत भरली तर धार मिनिटाला १२ लिटर. त्या शॉवरखाली आठ मिनिटं उभं राहिलं की ९६ लिटर खर्च झाले. बागेच्या पाइपने ४० सेकंदांत बादली भरत असेल तर वीस मिनिटांत ३०० लिटर जातात. हा आकडा स्वतःच्या वहीत दिसला की बाग पुढे कशी सांभाळायची याचा विचारच बदलतो.

नेहमीची चूक: मोजणीच्या आठवड्यातच काटकसर सुरू करणं. मग तुलना करायला आधीचा आकडाच उरत नाही. या सात दिवसांत रोजच्यासारखंच वागा.

तपासणी: सर्वांत जास्त पाणी कुठे जातं, ती पहिली तीन ठिकाणं वहीतून सांगता आली पाहिजेत. अंदाजाने सांगत असाल तर अजून दोन दिवस मोजा.

## टप्पा २: गळती शोधा आणि बंद करा

सर्वाधिक वेळ इथे द्या. वापरातली उधळपट्टी नळ बंद केल्यावर थांबते, गळती चोवीस तास चालू राहते. बरेच जण टपकणारा एखादा नळ दुरुस्त करतात आणि गळती संपली असं धरून चालतात. मोठी गळती मात्र बहुतेक वेळा आवाज न करणारी असते.

### मीटरची आणि टाकीची चाचणी वेगवेगळी

टाकी पूर्ण भरू द्या, म्हणजे बॉल व्हॉल्व (टाकी भरली की तरंगत्या चेंडूने येणारं पाणी अडवणारी तोटी) बंद होईल. घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहा आणि दोन तास कुणीही पाणी वापरू नका. आकडा पुढे गेला, किंवा मीटरवरची छोटी चकती फिरत राहिली, तर मीटर ते टाकी या भागात पाणी जातंय.

बहुतेक जण इथेच फसतात. गच्चीवर टाकी असेल तर मीटरची चाचणी टाकीच्या तोंडापर्यंतचंच सांगते. टाकीतून खाली येणाऱ्या नळ्या, फ्लश, गीझरची जोडणी यांबद्दल ती काही सांगत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी लागते. रात्री झोपताना टाकीत येणारं पाणी बंद करा, आतल्या भिंतीवर पातळीची खूण करा आणि सकाळी कुणी नळ उघडायच्या आत बघा. पातळी उतरली असेल तर पुढच्या रात्री टाकीचा खाली जाणारा व्हॉल्वही बंद करून तेच करा. आता पातळी टिकली तर गळती घरात आहे. तरीही उतरली तर खुद्द टाकीला किंवा तिच्या जोडाला चीर आहे. जमिनीखालच्या टाकीची हीच चाचणी वेगळी घ्या.

सावधान: टाकीत वाकताना एकट्याने चढू नका आणि बंद टाकीत आत उतरू नका. आत प्राणवायू कमी असू शकतो.

### फ्लशची टाकी

फ्लशच्या टाकीचं झाकण उचला, पाण्यात खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचा रबर नीट बसत नाहीये. रंग न टाकताही एक खूण दिसते: भांड्याच्या मागच्या कोरड्या उतारावर कागदी रुमाल चिकटवा, तो वरून ओला होत आला तर पाणी झिरपतंय.

किती जातंय हेही काढता येतं. टाकीचा आवक व्हॉल्व बंद करा, पातळीवर पेन्सिलची खूण करा, तासाने परत बघा. टाकी आतून ४० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद असेल तर पातळी १ सेंटिमीटर उतरणं म्हणजे ६०० मिलिलिटर. हाच वेग राहिला तर दिवसाला १४ लिटरच्या वर, एका भांड्यातून.

दुरुस्तीआधी रबराच्या बैठकीवरून बोट फिरवून बघा. तिथे क्षारांचा खरखरीत थर लागला तर नवा रबर आणूनही गळती थांबणार नाही. बैठक ओल्या खरखरीत फडक्याने गुळगुळीत करा, मग रबर बदला. दुसरं कारण म्हणजे पातळी. टाकीतल्या उभ्या नळीतून पाणी गुपचूप भांड्यात उतरत असेल तर रबर निर्दोष आहे, फ्लोट (पातळीबरोबर वर-खाली होऊन पाणी बंद करणारा तरंगता भाग) वर लागला आहे. पाण्याची पातळी त्या नळीच्या तोंडापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर खाली राहील असा फ्लोट बसवा.

### टपकणारे नळ

थेंबांखाली १० मिनिटं भांडं ठेवा, जमलेलं पाणी मोजा आणि १४४ ने गुणा. १०० मिलिलिटर जमलं तर दिवसाला १४.४ लिटर. ज्या नळाचा आकडा मोठा तो आधी दुरुस्त करा.

काम याच क्रमाने करा: व्हॉल्व बंद, नळ उघडून नळीतलं पाणी काढून टाका, खालच्या जाळीवर फडकं ठेवा (नाहीतर स्क्रू तिथेच जातो), मग नळ खोला. जुना वायसर सोबत नेऊन त्याच मापाचा आणा. चार वेळा फिरवून बंद होणाऱ्या नळात वायसर असतो. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नळात सिरॅमिकच्या चकत्यांचं काडतूस असतं, ते सहसा पूर्ण बदलावं लागतं. टपकणारा नळ जोरात आवळून बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांनी सोडायला हवी. त्याने वायसर चिरडतो आणि बैठकीला खाचा पडतात.

### टाकी ओसंडून वाहणं

बॉल व्हॉल्वची दांडी वाकली, चेंडूत पाणी शिरलं किंवा तोंडाशी क्षार जमले की तो पूर्ण बंद होत नाही आणि टाकीच्या ओसंडनळीतून पाणी भिंतीवरून उतरत राहतं. चेंडू काढून कानाशी हलवा. आत पाणी खळखळलं तर बदला. पंपाने टाकी भरत असाल तर पातळी गाठली की पंप बंद करणारा स्विच बसवणं हा माझ्या मते या सगळ्या यादीतला सर्वांत फायद्याचा खर्च आहे, कारण माणूस विसरतो.

तपासणी: रात्रीची टाकीची चाचणी पुन्हा घ्या. पातळी हलली नाही तरच टप्पा ३.

## टप्पा ३: धार कमी करा, पण आंधळेपणाने नको

वहीतले मिनिटाला ८ लिटरच्या वरचे नळ निवडा. हात धुण्याच्या बेसिनला ३ ते ४ लिटरचा आणि भांडी धुण्याच्या नळाला ५ ते ६ लिटरचा एरेटर पुरतो. बादली भरायच्या नळाला एरेटर लावू नका. बादलीला पाणी तेवढंच लागतं, फक्त ती भरायला वेळ जास्त लागतो.

पाण्याचा दाब आधी बघा. टाकी नळापासून फक्त तीन मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. जास्त दाबासाठी बनवलेला शॉवर तिथे थेंबथेंब गळतो आणि आंघोळीचा वेळ दुप्पट होतो. अशा घरात शॉवरपेक्षा बादली बरी, १५-२० लिटरमध्ये आंघोळ होते.

सावधान: पाणी वाहू लागलं की पेटणाऱ्या गॅस गीझरला ठरावीक किमान धार लागते. शॉवरची धार त्याखाली गेली तर तो पेटत नाही किंवा मध्येच विझतो. नवा शॉवर घेण्याआधी गीझरच्या पत्रकात किमान प्रवाह बघा.

गरम पाण्याची वाट पाहताना जे थंड पाणी वाहून जातं, त्याखाली बादली ठेवा. आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे १७५ मिलिलिटर पाणी असतं. गीझर दहा मीटर लांब असेल तर प्रत्येक वेळी पावणेदोन लिटर तरी गार पाणी आधी येणारच. नवं बांधकाम किंवा दुरुस्ती चालू असेल तर गीझर नळाजवळ आणा.

जुन्या, १० लिटर किंवा त्याहून मोठ्या फ्लशच्या टाकीत पाणी भरलेली, घट्ट बुचाची एक लिटरची बाटली उभी ठेवता येते. ती हलणाऱ्या भागांना लागता कामा नये. वीट मात्र ठेवू नका, ती पाण्यात झिजते आणि तिची भुकटी रबराखाली अडकते. ६ लिटरच्या किंवा दोन बटणांच्या टाकीत काहीच ठेवू नका. तिथे पाणी कमी केलं की दोनदा फ्लश करावं लागतं आणि खर्च उलट वाढतो.

## टप्पा ४: वापरलेलं पाणी दुसऱ्यांदा वापरा

आधी पाण्याचे गट पाडा. सगळं ‘सांडपाणी’ एकाच बादलीत ओतलं की चांगलं पाणीही वाया जातं.

भाज्या आणि धान्य धुतलेलं पाणी थेट झाडांना चालतं. मीठ घालून उकळलेलं मात्र नको. एअर कंडिशनरच्या नळीतून येणाऱ्या पाण्यात क्षार फार कमी असतात. लादी पुसायला, गाडी धुवायला, कुंड्यांना ते चांगलं. पिऊ नये, कारण ते धातूच्या गुंडाळीवरून आणि साचलेल्या धुळीतून येतं.

आर. ओ. यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी हे वेगळं प्रकरण आहे. दोन्ही नळ्यांखाली दहा मिनिटं भांडी ठेवून प्रमाण काढा. १ लिटर शुद्ध पाण्यामागे २ लिटर बाहेर जात असेल तर तीन लिटरमधले जवळपास सगळे क्षार त्या दोन लिटरमध्ये येतात, म्हणजे खारटपणा मूळ पाण्याच्या साधारण दीडपट. लादी पुसणं, फ्लश, बाहेरची फरशी यांसाठी ते वापरा. कुंड्यांना रोज घातलं तर काही आठवड्यांत मातीवर पांढरा थर दिसतो आणि पानांच्या कडा करपतात.

कपडे धुण्याच्या यंत्राचं पहिलं पाणी सोडून द्या, शेवटच्या विसळण्याचं ठेवा. साबणाच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात आणि सोडियम चिकणमातीची रचना मोडतो. माती वर घट्ट पापुद्रा धरते आणि पाणी मुरेनासं होतं. म्हणून असं पाणी एकाच आळ्यात रोज ओतू नका. जागा बदलत राहा आणि मधूनमधून साधं पाणी भरपूर द्या.

साबणाच्या पाण्याचे काही नियम पक्के पाळा:

- २४ तासांपेक्षा जास्त साठवू नका, त्याला वास सुटतो आणि जंतू वाढतात.
- पानांवर शिंपडू नका, मातीत मुरवा.
- पालेभाज्या आणि कंदमुळांना देऊ नका. फळझाडं आणि शोभेची झाडं चालतील.
- ब्लीच वापरलेलं, बाळाचे लंगोट धुतलेलं किंवा तेलकट भांड्यांचं पाणी गटारातच जाऊ द्या.

सावधान: या पाण्याची नळी पिण्याच्या पाण्याच्या नळीला कुठेही जोडू नका, मध्ये व्हॉल्व असला तरी नाही. दाब घटला की पाणी उलटं ओढलं जातं.

## टप्पा ५: पाइपला हात लावण्याआधी माती

बागेतलं निम्मं काम इथेच होतं, आणि नेमका हाच टप्पा लोक गाळतात.

नेहमीसारखं पाणी द्या. अर्ध्या तासाने रोपाच्या बाजूला, मुळांना न दुखावता, खुरप्याने वीतभर खोल उभा काप घ्या आणि कापलेली बाजू नीट बघा. पुष्कळदा वरची दोन बोटं माती काळीभोर ओली आणि तिच्याखाली सरळ रेघेत फिकट, कोरडी, भुसभुशीत माती दिसते. वरून बाग भिजलेली दिसते आणि मुळं तहानलेली असतात. रोज थोडं थोडं पाणी दिल्याचा हा परिणाम. मग मुळंही पाण्याच्या मागे वरच येतात आणि एक दिवस पाणी चुकलं की रोप माना टाकतं.

वाफसा, म्हणजे मातीत पुरेशी ओल आणि हवाही असते ती अवस्था, ओळखायला शिका. बोटभर खोलीवरची मूठभर माती दाबा. गोळा होऊन बोटाच्या धक्क्याने फुटला तर वाफसा आहे, पाणी नको. बोटांतून पाणी निथळलं तर जास्त झालंय. गोळाच झाला नाही तर पाण्याची वेळ झाली. रेताड मातीत गोळा नीट होत नाही, तिथे सळई खुपसून बघा. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरडीला अडते. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाइप उचलू नका. कडक उन्हात ओल्या मातीतल्या झाडांचीही पानं मलूल होतात आणि संध्याकाळी सावरतात. सकाळीही पानं मलूल दिसली तर मात्र माती बहुधा खरोखर कोरडी आहे.

मुरण्याचा वेगही बघा. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरा, ते मुरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते मोजा. अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरली तर माती जड आहे, पाणी हळूहळू आणि थांबून थांबून द्यावं लागेल. दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरली तर माती पाणी धरत नाही, थोडं आणि लवकर लवकर द्यावं लागेल. दोन्हींवर उपाय एकच: कुजलेलं कंपोस्ट. पाच सेंटिमीटरचा थर पसरून वरच्या वीतभर मातीत मिसळा. अर्धवट कुजलेलं खत नको, ते कुजताना मातीतला नत्र खातं.

मग आच्छादन. वाळलेला पालापाचोळा, पेंढा, लाकडाचे तुकडे, काहीही चालतं. थर ५ ते ८ सेंटिमीटरचा हवा. त्याहून पातळ थराने ऊन अडत नाही, आणि जाड झाला तर हलका पाऊस मातीपर्यंत पोचत नाही. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड सडतं. ताजं कापलेलं गवत जाड थरात टाकू नका, ते चिकटून चटईसारखं होतं आणि पाणी वरूनच घसरतं.

नेहमीची चूक: कोरड्या मातीवर आच्छादन घालणं. मग ते कोरडेपणाच जपतं. आधी खोल भिजवा, मगच झाका.

कुंड्यांचं गणित निराळं. कोकोपीट पूर्ण वाळलं की पाणी झिडकारतं, आणि आकसलेली माती कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या छिद्राबाहेर येतं आणि कुंडी भरली असं वाटतं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. साध्या मातीच्या कुंडीच्या भिंतीतूनही पाणी उडतं, म्हणून उन्हाळ्यात लहान कुंड्या एकमेकींना लागून, सावलीच्या बाजूला ठेवा.

तपासणी: आच्छादनानंतर तिसऱ्या दिवशी पुन्हा काप घ्या. ओल वीतभर खोल असली पाहिजे.

## टप्पा ६: पाणी कसं, किती, केव्हा

आधी झाडांचे गट करा. जास्त पाण्याची एका बाजूला, कमी पाण्याची दुसऱ्या बाजूला. एकाच ओळीत दोन्ही असली तर जास्त तहानेच्या झाडासाठी सगळ्यांना पाणी द्यावं लागतं. हिरवळ असेल तर तिचा आकार आत्ताच कमी करा आणि गवत थोडं उंच ठेवून कापा.

हिशेब सोपा आहे: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. मध्यम मातीत २० लिटर एका चौरस मीटरला साधारण १० ते १५ सेंटिमीटर खोल भिजवतात. तेवढं एकदम द्या आणि मग वाफसा जाईपर्यंत थांबा. वेळ पहाटेची ठेवा. वारा कमी, ऊन नाही, आणि पानं दिवसा वाळतात म्हणून बुरशीही कमी.

ठिबक बसवायचं असेल तर क्रम असा:

१. सगळ्यात आधी गाळणी, मग मुख्य नळी, मग लॅटरल (झाडांच्या ओळींतून जाणाऱ्या बारीक नळ्या), शेवटी ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणारी छोटी तोंडं). गाळणीशिवाय एकही दिवस चालवू नका.

२. नळीचं वेटोळं तासभर उन्हात ठेवा, ती मऊ होते आणि सरळ बसते.

३. छिद्र पाडण्याआधी टोकं उघडी ठेवून पाणी सोडा, आतली प्लास्टिकची कीस निघून जाऊ द्या. मग टोकाला बूच लावा.

४. टाकीच्या उंचीवरच चालवायचं असेल तर साधे ड्रिपर घ्या. दर मीटर उंचीला फक्त ०.१ बार दाब मिळतो आणि दाब समान ठेवणाऱ्या ड्रिपरना त्याहून पुष्कळ जास्त दाब लागतो. ते अशा जोडणीत नीट चालत नाहीत.

५. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली बाटल्या ठेवून १५ मिनिटांचं पाणी मोजा आणि चारने गुणा. तासाचा आकडा मिळतो. शेवटच्याला पहिल्यापेक्षा फार कमी येत असेल तर ओळ लांब झाली आहे, दोन भाग करा.

६. ड्रिपर खोडाला चिकटवून ठेवू नका. झाड वाढेल तसे ते बाहेर सरकवा आणि संख्या वाढवा. पाणी पिणारी मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात.

नळी आच्छादनाच्या खाली घाला, वर नाही. महिन्यातून एकदा टोकाचं बूच काढून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. क्षारांनी बुजलेले ड्रिपर सायट्रिक आम्लाच्या पाण्यात भिजवले की मोकळे होतात.

नेहमीची चूक: टायमर एकदा लावून विसरणं. उन्हाळ्याची वेळ पावसाळ्यात तशीच राहते आणि भर पावसात बागेला पाणी मिळत राहतं. ऋतू बदलला की वेळ बदला आणि पाऊस पडला की टायमर बंद करा.

ठिबक नको असेल तर झिलई न दिलेलं, साधं भाजलेलं सच्छिद्र मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि झाका. भोवतीची माती कोरडी होईल तसं ते झिरपतं. चार-पाच रोपं त्याच्या कडेने लावा. क्षारांच्या जड पाण्याने काही हंगामांत मडक्याची छिद्रं बुजतात, मग ते बदलावं लागतं.

## टप्पा ७: पावसाचं पाणी, आता

आता गरज किती उरली ते वहीत आहे. छताचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये गुणिले पाऊस मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.८५. उत्तर लिटरमध्ये. १०० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ८५० लिटर. यावरून दिसतं की लहानशी टाकी एकाच सरीत भरते. ती पुन्हा पुन्हा रिकामी करून वापरली तरच उपयोग. कोरड्या महिन्यांसाठी पाणी पुरवायचं असेल तर टाकी खूप मोठी लागते, आणि तेव्हा जमिनीत मुरवणं बहुतेकदा जास्त शहाणपणाचं.

पन्हळ साफ करा, तोंडाला पानांची जाळी लावा, मग पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढणारी नळी बसवा. पहिला १ ते २ मिलिमीटर पाऊस छतावरची धूळ आणि विष्ठा धुऊन आणतो. १०० चौरस मीटर छतासाठी ती नळी १०० ते २०० लिटर धरेल एवढी हवी. जागा नसेल तर मोसमातल्या पहिल्या सरी सरळ सोडून द्या. ओसंडनळी आवकनळीएवढ्याच जाडीची ठेवा आणि तिचं तोंड भिंतीच्या पायापासून दूर, एखाद्या आळ्यात सोडा.

सावधान: १,००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. सज्जावर किंवा जुन्या गच्चीवर टाकी ठेवण्याआधी बांधकामाच्या जाणकाराला विचारा. साधं २०० लिटरचं पिंपही भरल्यावर २०० किलोचं होतं. नुकतंच डांबर लावलेल्या किंवा ॲस्बेस्टॉसच्या छताचं पाणी खाण्याच्या झाडांना देऊ नका. शुद्ध केल्याशिवाय कुठल्याच छताचं पाणी पिऊ नका.

टाकी अपारदर्शक घ्या, आत उजेड शिरला की शेवाळ धरतं. प्रत्येक तोंडाला, ओसंडनळीलासुद्धा, मिलिमीटरभर छिद्रांची घट्ट जाळी हवी. उबदार हवेत डासाच्या अंड्यापासून डास व्हायला सात-दहा दिवस पुरतात, म्हणून जाळी दर आठवड्याला बघा. पन्हळीत साचलेलं पाणी, कुंड्यांखालच्या बशा आणि पहिल्या पावसाची नळी हीच ठिकाणं विसरली जातात. त्या नळीच्या तळाला बारीक छिद्र किंवा तोटी ठेवा आणि प्रत्येक पावसानंतर ती रिकामी करा. हंगाम संपताना टाकी पूर्ण उपसून तळाचा गाळ काढा. तो बागेच्या शोभेच्या झाडांखाली पसरला तरी चालतो.